आफीबाच्या गाठी

“सात मिनिटं उशीर,” लान्डफेल्डबाई दाराच्या फटीतून म्हणाल्या. “साखळी काढेपर्यंत आठ होतील.”

आणि साखळी काढायला त्यांनी खरोखरच एक मिनिट लावलं. हर्षा सातव्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीत वाऱ्यात थरथरत उभी राहिली. लिफ्टमधून एकावेळी एकानेच जायचं असा कागद कालपासून खाली लागला होता आणि रांगेतल्या माणसाने तिच्या अंगावरचा नर्सचा पांढरा डगला पाहून तोंड फिरवलं होतं, म्हणून ती सात जिने चढून आली होती. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. आत गेल्यावर बाईंनी टेबलावरची निळी वही ओढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आल्याची वेळ ठळक अक्षरांत मांडली. नऊ महिन्यांत नऊ नर्सा त्या वहीत आल्या होत्या आणि वहीतूनच बाहेर गेल्या होत्या. एकीची पट्टी सैल होती, एकीच्या बोलण्यात लाडीगोडी होती, एक पायाकडे न बघता फोनकडे बघत होती. हर्षा दहावी.

घरोघरी जाणाऱ्या नर्सांच्या टीमची प्रमुख मार्लूस हिने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ही बाई सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, डाव्या घोट्यावर न भरणारी जखम आहे. एकटीच राहते. तुलाही तिने हाकललं तर आपण फाइल बंद करणार. मग तिला वृद्धनिवासात हलवण्यावाचून गत्यंतर नाही. एप्रिल २०२० मध्ये रॉटरडॅमच्या आसपास वृद्धनिवास म्हणजे काय, हे हर्षाला कुणी समजावून सांगायला नको होतं. येताना बसमधून तिला एक दिसायचं. तळमजल्याच्या बंद काचेला हात टेकून बाहेर मुलगे-सुना उभ्या असायच्या. दर आठवड्याला काही काचांपुढची गर्दी कायमची थांबायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. बादलीत कोमट पाणी, जुनी पट्टी सोडवणं, जखम धुणं, नवी पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत चढवणं. लान्डफेल्डबाई स्वतः तेहतीस वर्षं इथल्याच इस्पितळांत नर्स होत्या, त्यामुळे पाय त्यांचा असला तरी परीक्षा हर्षाची असायची. “टाच उघडी राहिली. पुन्हा,” एवढंच त्या म्हणायच्या. औरंगाबादला सहा वर्षं स्टाफ नर्स म्हणून वॉर्ड सांभाळलेली हर्षा इथे भाषेची परीक्षा देऊन हाताखालच्या पदावर लागली होती. ती खाली मान घालून पट्टी सोडवायची आणि मनातल्या मनात मराठीत म्हातारीचा उद्धार करायची. एकदा तो ओठांवर आला.

“शिवी होती ना ती?” बाईंनी विचारलं.

“नाही मेफ्राउ,” हर्षा म्हणाली; बाईंना इथे असंच म्हणायचं. “प्रार्थना.”

“आमच्या शेजारी कुली लोक राहायचे. त्यांची म्हातारीही सुनेला अशीच प्रार्थना ऐकवायची.”

कुली, म्हणजे मळ्यांवर आणलेले हिंदुस्थानी मजूर; हा शब्द त्या मुद्दाम दाताखाली धरून उच्चारायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, तुझे लोक कुठल्या बोटीनं सुरिनामला उतरले? हर्षा म्हणाली, मी भारतातूनच आले, विमानानं. नवऱ्याला इथं आयटीत नोकरी लागली म्हणून. बाईंना तो फरक मान्य नव्हता. त्यांचा हिशोब दीडशे वर्षांपूर्वीचा होता. आमची माणसं गुलामीतून सुटली, म्हणायच्या, आणि सुटल्यावर पुढची दहा वर्षं सरकारने त्यांना मळ्यांवरच करारात डांबून ठेवलं. ती दहा संपली, आता तरी आम्ही आमची मजुरी सांगू, असं वाटलं, तेवढ्यात तुमच्या बोटी लागल्या. निम्म्या भाकरीवर राबायला तयार. तुझ्या हातची पट्टी मी बांधून घेते, पण हे विसरून नाही.

हर्षाला वाटायचं, सांगावं, आमच्यातल्यांनी कुणाची भाकरी पळवली नाही. आम्हालाच कुणी धड हातात दिली नाही, वरून टाकली. पण पट्टी गुंडाळताना बोललं की ताण चुकतो.

घरी वेगळीच लढाई. रॉटरडॅमला लागूनच्या याच कापेल गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राकेश स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून दिवसभर मीटिंगा करायचा आणि पायात दोन वर्षांची संहिता घोटाळायची. थोड्या वेळाच्या भेटीला मास्कची गरज नाही, असा मेल वरून आला होता. मास्क नव्हतेच, म्हणून गरज नव्हती. “तू तिथून काय घेऊन येशील आणि हिला देशील, ह्याचा विचार करतेस का?” राकेश रोज विचारायचा. दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी चिडून. हर्षा दारातूनच बाथरूममध्ये जायची, अंगावरचं सगळं पिशवीत कोंबायची, डोक्यावरून पाणी घ्यायची. काचेच्या दारापलीकडे संहिता नाक दाबून उभी असायची आणि बालवाडीत शिकलेल्या डचमध्ये हुकूम सोडायची, मामा, म्हणजे आई, हात धू. मग ओल्या केसांनी बाहेर येऊन तिला उचललं की ते पोर आधी आईचे तळवे हुंगून बघायचं आणि मगच गळ्यात पडायचं.

लान्डफेल्डबाईंच्या पायाचं मात्र हर्षाला व्यसन लागत चाललं होतं. जखम ती रोज डोळ्यांसमोर आणायची. कडा गुलाबी दिसू लागल्या होत्या.

त्या कडा पहिल्यांदा दाखवल्या त्या सोमवारी बाई आपण होऊन बोलल्या. नरमल्या नव्हत्या. तिला शिकवावं म्हणून बोलल्या.

“माझ्या आजीच्या आईने असले पाय उभे केले. आफीबा नाव. आजारघरात पट्ट्या बांधायच्या कामावर होती, गुलामी होती तेव्हा. मग सुटका झाली. मालकाने आजारघराला कुलूप लावलं. तुम्ही आता स्वतंत्र, तुमची दुखणी तुमची.”

डॉक्टर यायचा, त्या सांगत होत्या, सरकारने नेमलेला. महिन्यातून एकदा, नदीतून, छप्पर असलेल्या होडीत बसून. उतरायचा नाही. माणसं धक्क्यावर रांगेने उभी राहायची, तो होडीतूनच पाहायचा आणि वहीत लिहायचा. हा काम करू शकतो. ही करू शकते. चिखलात उसाच्या कांड्यांनी चिरलेल्या पायांत किडे पडलेले असायचे, पण होडीतून पाय दिसत नाहीत, चेहरा दिसतो. आणि डॉक्टरने ‘करू शकतो’ लिहिल्यावर जो झोपून राहील तो कामचुकार. त्याला शिक्षा. आफीबाला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. सुटकेच्या दिवसासाठी शिवलेला निळा घागरा होता तिच्याकडे. तो फाडून तिने पट्ट्या केल्या.

“हात लावायची,” बाई म्हणाल्या. “एवढंच तिचं औषध. हात लावून बघायची.” आणि लगेच आवाज चढवून, “टाच. पुन्हा.”

निघताना त्यांनी कपाटाचा खालचा खण पायानेच दाखवला. जुन्या उशांचे अभ्रे आहेत, विरलेले. घेऊन जा, पुसायला होतील. चादरी-बिदरी मला आता उचलवत नाहीत, दिसतही नाहीत धड. ही भेट नव्हती, खण रिकामा करून घेणं होतं; पण नऊ नर्सांपैकी कुणालाही हे मिळालं नव्हतं. हर्षाने गठ्ठा काखेला मारला आणि सात जिने हलक्या पायांनी उतरली.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. दरवर्षी जयंतीला द हेगच्या एका हॉलमध्ये सगळी जमायची, पार दूरच्या नायमेखन शहरातूनसुद्धा लोक यायचे. यंदा कार्यक्रम पडद्यावर. राकेश बुद्धमूर्तीपुढे लॅपटॉप लावून बसला होता आणि संहिता झोपली होती. हर्षाच्या हातात मऊ सुती कापड होतं आणि दोन तास होते. जुनं सुती कापड तिच्या आईने कधी टाकलं नाही, आजीने नाही. लुगड्याची दुपटी व्हायची, दुपट्यांची फडकी, फडक्यांची वात. पुसायला दिलेले अभ्रे बघता बघता तिच्या हातात मास्क झाले. इलास्टिक अख्ख्या गावात मिळत नव्हतं. तीन मास्कांना तिने पायजम्याच्या नाड्या लावल्या. चौथा लान्डफेल्डबाईंसाठी. ऐकायच्या यंत्राने त्यांच्या कानामागची कातडी सोलल्यासारखी झाली होती, तिथे नाडी नको. काहीतरी मऊ हवं.

ते गठ्ठ्यातच सापडलं. दोन अभ्र्यांच्या मधे गुंडाळी करून ठेवलेली एक पट्टी, निळी असावी कधीकाळी, आता राखेच्या रंगाची, हाताला लोण्यासारखी. फक्त तिला टोकापासून टोकापर्यंत गाठी होत्या. बारीक, दातांनी ओढून बसवल्यासारख्या. एवढ्या गाठी कुणी आणि कशाला मारल्या असतील, असं हर्षाच्या मनात आलं, नाही असं नाही. पण झोपलेलं पोर कधीही उठतं. गोधडीच्या सुईच्या टोकाने तिने एकेक गाठ सैल केली आणि सोडवली. कानामागे बोचली असती. मग पट्टी कोमट पाण्यात हाताने धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि चार सारखे तुकडे कापून मास्कला बंद लावले. पडद्यावर कुणीतरी भाषण करत होतं. हर्षाला खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

बुधवारी ती वेळेच्या दोन मिनिटं आधी पोचली. पट्टी सोडवून पाय बादलीत ठेवला आणि डगल्याच्या खिशातून मास्क काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. “तुमच्यासाठी. कानाला लागणार नाही.”

लान्डफेल्डबाईंनी मास्क डोळ्यांजवळ नेला. डोळ्यांनी फारसं कळलं नसावं, कारण त्यांचा अंगठा बंदावर गेला आणि सरकू लागला. टोकापर्यंत गेला. दुसऱ्या बंदावर गेला. जिथे काही लागायला हवं तिथे लागत नाही म्हटल्यावर तो परत मागे आला.

“गाठी कुठे आहेत?”

“सोडवल्या,” हर्षा हसत म्हणाली. “सगळ्या. बोचल्या असत्या तुम्हाला.”

बाईंनी चारही बंद पुन्हा एकदा चाचपले. पाणी गार होत चाललं.

“त्रेपन्न होत्या,” त्या म्हणाल्या. “आफीबाला लिहिता येत नव्हतं. एक पाय भरून आला, की एक गाठ. तो होडीतला डॉक्टर लिहायचा वहीत. त्याची वही सरकारी कपाटात आहे, इथे, द हेगला. काचेखाली ठेवतात, मी बघून आले. आफीबाचं एवढंच होतं.” त्यांनी मास्क हर्षाच्या हातात परत कोंबला आणि पाय बादलीतून स्वतः उचलला, तसाच निथळता. “नीघ.”

हर्षा म्हणाली, पट्टी तरी बांधू द्या, जखम उघडी आहे. बाईंनी वही ओढली आणि गेल्याची वेळ लिहिली. ती अजून गेली नव्हती.

शुक्रवारी साखळी निघालीच नाही. आतून फक्त सांगणं आलं की दुसरी पाठवा. फोनवर मार्लूस म्हणाली, दुसरी कुठली, निम्मी टीम तापाने झोपलीये. तू प्रयत्न केलास. सोमवारी मी वृद्धनिवासाचा फॉर्म पाठवते. राकेशला सुटल्यासारखं झालं. “तुला कुली म्हणते ती,” तो म्हणाला, “आणि तू तिच्यासाठी रडतेस. जुन्या चिंधीपायी.”

“ती चिंधी असती, तर मीही नसते रडले.”

“मग काय आहे?”

हर्षाने मास्क दिव्याखाली ओढला. तिची आजी सुईण होती. गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली, वरच्या आळीतलीसुद्धा. आणि नाळ कापून झाली की ती जिथून चालत गेली ती जमीन धुऊन काढायचे. त्या पोरांचे दाखले आहेत, तलाठ्याकडे जन्मतारखा आहेत. आजीचं नाव कशावरच नाही. पण निदान तिचं काही कुणी सुईने उसवून इस्त्री केलं नव्हतं.

तिने मास्कचे बंद उसवले. चारही तुकडे एकापुढे एक ठेवून बारीक धावदोऱ्याने जोडले. आणि मग, काहीतरी केलंच पाहिजे म्हणून, गाठी मारायला बसली. सारख्या अंतरावर, सारख्या ताणाने, मोजून त्रेपन्न.

शनिवारी तिची सुट्टी होती. ती डगला न घालता गेली. बेल दाबली, पट्टी दाराच्या फटीतून आत सारली आणि गॅलरीच्या कठड्यापर्यंत मागे सरकून उभी राहिली. साखळीमागून दार चारच बोटं उघडलं होतं. फटीतून बाईंचा अंगठा दिसत होता. तो गाठींवरून चालला होता, एक, दोन, पाच, दहा.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं.

अंगठा पुढच्या गाठीवर सरकला.

“आणि ही?”

“मला माहीत नाही मेफ्राउ.”

“एकसारख्या आहेत. होडीतल्या डॉक्टरचं अक्षरही असंच सुबक होतं.” पट्टी फटीतून बाहेर आली आणि उंबऱ्यावर पडली. “सोडव. इथेच बसून. मला दिसू दे.”

हर्षा गॅलरीतल्या गार फरशीवर मांडी घालून बसली. सुई आणली नव्हती, नखांनी पहिली गाठ ओढली. दाराआड खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस कुत्र्याला घेऊन निघाला, तिला पाहून भिंतीला चिकटून गेला आणि कापेलमध्ये आता हेच बघायचं राहिलं होतं, असं काहीसं पुटपुटला.

पहिली गाठ सुटली तेव्हा दाराआडून बाई म्हणाल्या, “क्वासी. कालव्यात कोयता लागला होता. उजवा पाय.”

दुसरी सुटली. “याबा. तिला मूल होणार होतं. तरी ‘करू शकते’ लिहिलं होतं.”

तिसरी. “कोफी. हा पुढे चर्चमध्ये घंटा वाजवायचा, आजीने पाहिला होता त्याला.”

प्रत्येक गाठीला त्या थांबायच्या, आठवायच्या, आणि नाव आलं की एखादी ओळ. हर्षा नाव कानात पडेपर्यंत पुढची गाठ सोडत नव्हती. अकरा नावं झाली. बाराव्या गाठीला बराच वेळ गेला. हर्षाने वर पाहिलं नाही. “पुढची,” बाई शेवटी म्हणाल्या. “पुढची.” मग तेही म्हणणं बंद झालं. उरलेल्या बेचाळीस गाठी कुणाचंही नाव न घेता सुटल्या. तिची दोन नखं तुटली.

रिकामी पट्टी तिने उंबऱ्यावर ठेवली. साखळी निघाली.

“पाय ओला झालाय,” लान्डफेल्डबाई म्हणाल्या. “तीन दिवस. बघ काय करून ठेवलंयस.”

जखम खरोखरच बिघडली होती. कडांचा गुलाबी रंग गेला होता. हर्षाने त्या दिवशी टाच एकदाच बांधली आणि बाईंनी दाबून पाहिली, पण ‘पुन्हा’ म्हणाल्या नाहीत. सोमवारी मार्लूसचा फॉर्म गेला नाही. वहीत मात्र शनिवारची नोंदही पडली, सुट्टीच्या दिवशी बिनगणवेशाची आली, म्हणून.

प्रेम वगैरे काही झालं नाही. मे महिन्यात बाई कुली म्हणायच्या आणि जूनमध्येही म्हणायच्या. हर्षा मनातल्या मनात प्रार्थना करायची. पण जखम आता दोघींची होती. ती आधी नाण्याएवढी झाली, मग शर्टाच्या बटणाएवढी, मग मसुरीएवढी. एकदा हर्षा फोनवर संहिताशी बोलत असताना बाई मधेच म्हणाल्या, ती पोरगी तुला डचमध्ये उत्तर देते, तू तिला तुझ्याच भाषेत विचारत राहा, थांबू नकोस. माझ्या आजीने अकराच नावं सांगितली, कारण मी अकरा झाल्यावर खेळायला पळाले.

एक जुलैला, बुधवारी, बाईंच्या लोकांच्या गुलामीतून सुटकेचा दिवस होता. टीव्हीवर अॅम्स्टरडॅमच्या बागेतला कार्यक्रम चालू होता; त्या वर्षी लोकांना यायला बंदी होती, त्यामुळे बाजे वाजत होते आणि समोर नुसतं गवत होतं. लान्डफेल्डबाईंनी डोक्याला कडक खळ घातलेला रुमाल बांधला होता आणि आवाज बंद करून टीव्ही बघत होत्या. हर्षाने पट्टी सोडवली. पाय धुतला, कोरडा केला, घोट्यावरून बोट फिरवलं. हातमोजा काढून पुन्हा फिरवलं. कातडी पातळ होती, नवी, चकचकीत. कुठेही उघडी नव्हती.

“बंद झाली,” ती म्हणाली.

बाईंनी स्वतः वाकून अंगठ्याने चाचपलं. खात्री झाल्यावर सरळ बसल्या. जखम बंद झाली म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. पायात चढवायचे घट्ट मोजे आणि ते चढवायचं साधन घरी येऊन पडलं होतं. ते बाई स्वतःच वापरू शकत होत्या. उद्या मार्लूस फाइल बंद करणार, नीट, सगळ्यांच्या समाधानाने. शुक्रवारपासून हर्षाने इथे यायचं कारण नव्हतं.

बाईंनी रुमालाच्या आतून, कपाळाजवळून, आफीबाची ती पट्टी ओढून काढली. “मार गाठ.”

“मी?”

“पाय कुणी भरून आणला? मी?”

हर्षाने पट्टी घेतली. एका टोकाला, जिथे जुन्या गाठीची सुरकुती अजून होती, तिथे बोट ठेवलं. “कशी मारू? आफीबा कशी मारायची?”

“ते तू सोडवलंस. आता तुझी मार.”

गाठी हर्षाला अनेक येत होत्या. तिला आजीने शिकवली होती ती आठवली, खराट्याच्या काडीवर दोरा घेऊन शिकवली होती ती. नाळेची गाठ. दोन वेढे, आवळून, मग उलटा एक. रक्ताचा थेंब सुटत नाही त्यातून. तिने ती मारली आणि शेवटी, हात अपुरे पडले म्हणून, मास्क हनुवटीवर ओढून दातांनी आवळली.

लान्डफेल्डबाईंनी पट्टी हातात घेतली. वही टेबलावर होती, पेन वहीवर होतं. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. हर्षा बादली ओतून, हात धुऊन, डगल्याची बटणं लावून दाराशी गेली. वळून पाहिलं तेव्हा टीव्हीवर रिकाम्या बागेत कुणीतरी फुलं ठेवत होतं, आणि बाईंचा अंगठा पट्टीच्या दुसऱ्या टोकापासून निघाला होता. काही नाही, काही नाही, मग हर्षाची शिवण, पुन्हा काही नाही, दुसरी शिवण, तिसरी, आणि मग बराच वेळ सपाट गेल्यावर तो थांबला. तिथेच राहिला.